पाठमोरा माइक

“परब, आत येऊ नको! पायरीवरच थांब! पाऊल टाकलंस तर बघ!”

आतल्या खोलीतून हरी राऊत ओरडत होता. आवाज असा की वटार गावातले नारळ पिकायच्या आधीच खाली यावेत. मी त्याच्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर, एक पाय वर आणि एक खाली, शिक्षा झालेल्या बगळ्यासारखा उभा होतो. हातात बायकोनं दिलेला खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. ओट्यावर मालतीवहिनी, म्हणजे हरीची बायको, मोगऱ्याच्या कळ्यांचा डोंगर पुढ्यात घेऊन गजरे करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी हळूच विचारलं, “रेकॉर्डिंग चालू आहे का?” त्या म्हणाल्या, “असेल.” मी म्हटलं, “मग हा मधेच ओरडतोय कसा? ते ओरडणं नाही का उतरणार त्यात?” यावर वहिनींनी आणखी एक कळी दोऱ्यात ओवली. तेवढ्यात दार उघडलं आणि हरी बाहेर आला, घामाघूम, धोतराचा सोगा खोचत. “अर्धा तास लवकर आलास की रे! फोनवर साडेदहा म्हनाला होतास.” मी म्हटलं, रिक्षा लगेच मिळाली. तो म्हणाला, “मिळाली तरी काय झालं, वाटेत कुठं चहा प्यायचा होतास.”

घरी आलेल्या माणसाला वाटेत चहा पिऊन ये म्हणणारा हा वटारमधला एकमेव यजमान. आणि ती आमची शेवटची भेट.

त्यानंतर आठवड्याभरानं, सकाळी मोगरा तोडता तोडता तो वाडीतच खाली बसला. पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बातमीचा फोन माझ्या बायकोला, नीलाला आला. बावीस वर्षांपासूनचा मित्र मी, पण फोन तिला! मी रडलो, खरंच रडलो. पण रडता रडता हेही मनात आलं की इथंसुद्धा आपला नंबर दुसराच. अंत्ययात्रेला माणसं इतकी की पुढचं टोक स्मशानात पोहोचलं तेव्हा मागचं टोक शेजारच्या निर्मळ गावात चपला शोधत होतं. मी खांदा दिला आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून गर्दीचा अंदाज घेत होतो. वसईत आमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगमधून माझ्या वेळी किती निघतील? लिफ्ट चालू असली तर आठ. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे, आणि मी तो पाळायलाच बसलोय. पण आधी एक सांगून टाकतो. मला हरीचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला... वाटतो. दीड महिना झाला, तरी वाटतो.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते बोळिंजच्या एका सोसायटीच्या गणपतीत, भक्तिगीत स्पर्धेला. मी महिनाभर तयारी केली होती. ज्येष्ठमध इतकं चघळलं होतं की नीला म्हणायची, तुम्ही बोललात तरी मुंग्या येतील. माझं गाणं झालं, टाळ्या झाल्या, मी मनातल्या मनात पहिलं बक्षीस कपाटात ठेवूनही दिलं. तेवढ्यात एक स्पर्धक आलाच नाही असं कळलं. गणपतीचा हार घेऊन एक माणूस स्कूटरवरून आला होता, खांद्यावर ओला गोणपाट, डोक्यात मोगऱ्याच्या पाकळ्या. सेक्रेटरी म्हणाले, “हरीभाऊ, तुम्ही हार घालताना गुणगुणता ना? व्हा उभे!” हा म्हणाला, “पेटीवाल्याला काय पट्टी सांगू? मला पट्टी ठाऊक नाय. मी सुरू करतो, त्यांनी मला गाठावं.” आणि एक अभंग म्हणाला. मंडपातला पंखा थांबला. लोक म्हणतात वीज गेली होती. मी म्हणतो, पंखा ऐकत होता. हरीला पहिलं बक्षीस, पाच लिटरचा कुकर. मला दुसरं, प्लास्टिकचा थर्मास. त्या थर्मासात चहा आजतागायत गरम राहिलेला नाही.

त्याची एक गंमत होती. बोलताना तो गावच्या बोलीत बोलायचा, पानी, कोन, लोनी. आणि गायला लागला की प्रत्येक ण असा टपोरा पडायचा जसा पिकलेला चिकू. मी एकदा खवचटपणे विचारलं, “हरी, बोलताना तू ण ठेवतोस कुठं?” तो म्हणाला, “जपून ठेवतो रे. गान्याला लागतो.” आता या माणसाचा राग तरी कसा करायचा? मी त्याला आमच्या भजनी मंडळात घेतलं. म्हणजे मंडळानं मला विचारलं, त्याला घ्यायचं का, आणि मला नाही म्हणता आलं नाही. पुढची वीस वर्षं तो पहिला अभंग म्हणायचा आणि मी, लोक चपला घालत असताना, भैरवी.

मग टाळेबंदी आली. देवळं बंद, भजनं बंद, हरीचे हार बंद. मंडळाच्या ग्रुपवर जो तो घरी गाणं रेकॉर्ड करून टाकायला लागला. मोबाइलवर सगळ्यांचे आवाज बादलीत तोंड घालून गायल्यासारखे यायचे. तेव्हा मी कंबर कसली. दोन महिने दिवसरात्र माइकचा अभ्यास केला. कंडेन्सर म्हणजे काय, डायनॅमिक म्हणजे काय, थेट संगणकाला लागणारा चांगला की मधे वेगळी पेटी लागणारा. मला विचाराल तर दोन वाक्यांत सांगतो. मंडपातला डायनॅमिक माइक म्हणजे ठार बहिरा म्हातारा. त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, पण बाजूचा गोंगाट त्याच्या गावीही नसतो. आणि कंडेन्सर म्हणजे समोरच्या ब्लॉकमधल्या काकू. भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा सोडत नाहीत. मी त्यातला सगळ्यात मानाचा घेतला. सोबत त्याला वीज पुरवणारी पेटी, स्टँड, तोंडापुढची जाळी, सगळा थाट. किंमत नीलाला सांगितली नाही, अजून सांगितलेली नाही, आणि ती हे वाचणार आहे म्हणून इथंही सांगत नाही.

पण त्या काकूंनी माझा घात केला. फ्लॅटमध्ये खाली फरशी, वर स्लॅब, तिन्ही बाजूंना काचा. माझा आवाज भिंतींवर आपटून आपटून दमून परत यायचा, आणि सोबत अख्खी बिल्डिंग घेऊन यायचा. कबुतरं उतरली, वरच्यांचं ड्रिल उतरलं, तिसऱ्या मजल्यावर तळलेले बोंबील उतरले. एकदा अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात बी विंगमधल्या नवराबायकोचं भांडण इतकं स्वच्छ उतरलं की मी तेवढाच तुकडा कापून त्या दोघांना पाठवला. ऐकून दोघं इतकी लाजली की त्यांच्यात समेट झाला. माझ्या रेकॉर्डिंगचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग.

अशात हरीचा फोन आला. “परब, तू शिकलास ते मला सांग ना. स्वस्तातला कुठला घ्यावा?” मी त्याला अगदी नीट सल्ला दिला, थेट संगणकाला लागणारा, चार-पाच हजारांतला, एवढा पुरे. सल्ला खरा होता, देव शपथ. घरी गायला एवढाच पुरतो. मनात मात्र होतं की स्वस्तातला आहे, राहील आपल्या पायरीवर. प्रवासाची बंदी उठल्यावर मी स्वतः वटारला गेलो, जोडून द्यायला. त्यानं मला हार बांधायच्या खोलीत नेलं. भिंतींना ओले-सुके गोणपाट टांगलेले, कोपऱ्यात गोधड्यांची चळत, वर गवताचे भारे, फुलं गार राहावीत म्हणून खिडकीला जाड पडदा. मी मधे उभा राहून एक टाळी वाजवली... आणि ती टाळी जागच्या जागी विरली. जरासुद्धा घुमली नाही. लोक भिंतींना स्पंज लावून लावून कंगाल होतात, ते या माणसानं मोगऱ्यासाठी फुकटात करून ठेवलं होतं!

तरी मी माइक नीट लावला. त्यानं एक ओळ म्हटली. हेडफोन माझ्या कानांवर होते. आता मी अतिशयोक्ती करतो हे सगळ्या वसई तालुक्याला ठाऊक आहे, म्हणून इथं साधंच सांगतो. तो आवाज ऐकून मला वाटलं, आपण उद्यापासून गाऊ नये.

इथं थोडी विद्या सांगायला हवी, नाहीतर माझं पाप कळणार नाही. हे माइक दुधीभोपळ्यासारखे उभे असतात, पण त्यांच्या शेंड्यात गायचं नसतं, पोटाकडून गायचं असतं. आणि त्यांना ऐकू येतं ते पिंपळपानाच्या आकारात. पानाच्या टोकाकडची बाजू सगळं ऐकते. देठाकडची, खाच असते ना तिथली, जवळजवळ बहिरी. कुठली बाजू कुठली हे कळावं म्हणून ऐकणाऱ्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं. ते आपल्या तोंडासमोर हवं. एवढीच ती विद्या. पाठीकडून गायलं की आवाज पातळ आणि लांबचा येतो, विहिरीतून हाक मारल्यासारखा.

मी हेडफोन काढले. म्हटलं, “थांब, जरा चुकलं.” आणि उठून माइक फिरवला. चिन्ह भिंतीकडे, पाठ हरीकडे. हरीनं बघितलं आणि म्हणाला, “म्हन्जे बाजाच्या पेटीसारखं? पेटीवर बनवनाऱ्याचं नाव लोकांकडे असतं, गानाऱ्याकडे नाय, तसं?” सांगा, समोरच्यानं खोटं असं ताटात वाढून दिल्यावर माणसानं काय करावं? मी म्हटलं, “अगदी तसंच.” आयुष्यभर मंडपात पेटीशेजारी बसलेल्या माणसाला ते इतकं पटलं की त्यानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. अळूवडी होती. मी सहा खाल्ल्या.

त्याची पहिली रेकॉर्डिंग्ज आली ती विहिरीतलीच. ग्रुपवर लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि गप्प बसले. त्या दिवसांत मला भूक छान लागायची, झोप लागायची, मी नीलाला साडीसुद्धा घेतली. मग एका सकाळी हरीचा एक अभंग आला. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. नीलाच्या हातात आमटीचा डाव, तो तसाच वर. हरी जणू ओट्यापाशी उभा राहून तिच्या कानात गात होता. श्वास घेतलेला कळत होता, ओठ मिटलेले कळत होते. आमटी उतू गेली. नीला म्हणाली, “हरीभाऊंकडे कुठला माइक आहे हो?” मी म्हटलं, “स्वस्तातला.” ती म्हणाली, “मग तुम्ही तो का नाही घेतलात?”

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. “हरी, माइक फिरवलास का रे?” तो म्हणाला, “नाय बा. तू लावलास तसाच आहे. ये की बघायला. पन येताना फोन करून ये हां.” मी फोन करून गेलो. माइक होता तसाच, चिन्ह भिंतीकडे. त्या दिवशी माझा विद्येवरचा विश्वास उडाला. म्हणजे हा माणूस माइकच्या बहिऱ्या कानात गातो आणि तरी असा ऐकू येतो? मग पुस्तकं खोटी, पिंपळपान खोटं, गुपित पाठीतच आहे! घरी येऊन मी माझा मानाचा माइक फिरवला, आणि तेव्हापासून त्याच्या पाठीकडूनच गायलो. नीला म्हणायची, “तुम्ही नायगावला उभे आहात आणि माइक विरारला.” मी म्हणायचो, मुरू दे, लोणचं आहे ते.

खुद्द हरीनं दोन-तीनदा सांगून पाहिलं. “परब, तुझा आवाज लांबून येतो रे. माइक जरा फिरवून बघ ना.” मी मनात म्हणायचो, वा रे वा! स्वतः पाठीकडून गातोस आणि मला पुढून गायला सांगतोस? माणसाला यश मिळालं की तो असा होतो. आणि यश काय थोडं मिळालं? त्याचे अभंग पहाटे देवळाच्या कर्ण्यावर लागायला लागले, रिक्षात वाजायला लागले. कुणी विकत नव्हतं, एकमेकांना नुसते पाठवत होते. आमच्या सोसायटीनं दिवाळीत लिफ्टमध्ये गाणी लावायचं ठरवलं, आणि लावला कोण? हरी राऊत. चार महिने मी पाच मजले जिन्यानं चढलो. माझे गुडघे गेले ते वयानं नाही, हरीनं. आणि भेटायला जायचं तर आधी फोन! गावाकडचा माणूस, दार दिवसभर उघडं, गाय आत शिरली तरी कुणी विचारत नाही. पण परबांनी मात्र वेळ घेऊन यावं. मला वाटायचं, चढलीय हवा डोक्यात.

पण रात्री अंथरुणावर एकच टोचणी असायची. आपण त्याला फसवलंय. तो फसूनही जिंकला ही गोष्ट वेगळी, पण फसवलंय तर खरं. शेवटी या फाल्गुनात मी ठरवलं, सांगून टाकायचं. खोबऱ्याच्या वड्यांचा तो डबा त्यासाठीच होता. एव्हरशाईनपासून वटारपर्यंत रिक्षात वाक्य घोटत होतो, “हरी, तुला एक सांगायचंय, रागावू नकोस.” रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “नाय रागावनार काका, बोला.” आणि पोहोचलो तर पायरीवरच उभं केलं, ते वर सांगितलंच.

त्यानं आत नेलं. पडदा ओढलेला, मोगऱ्याचा वास, आणि स्टँडवर माइक, माझ्याकडे पाठ करून. मी घसा साफ केला, आणि हा म्हणाला, “आज तू गा. मी ऐकतो.” हेडफोन कानांवर घालून डोळे मिटून बसला. मी गायलो. मधेच त्यानं डोळे उघडले, हात माइककडे नेला... आणि परत मांडीवर ठेवला. गाणं संपल्यावर म्हणाला, “परब, तुझा मधला सा माझ्याकडे नाय रे. मला तो कधीच लागला नाय तसा.” बावीस वर्षांत पहिल्यांदा! आता अशा वेळी कबुली द्यायची म्हणजे ते वाक्य परत करायचं. मी नाही दिली. वड्यांचा डबा ठेवला, तो सा घेतला आणि घरी आलो. आठवडाभर तो सा मी आंघोळीत, जिन्यात, भाजीबाजारात लावत होतो. मग नीलाला तो फोन आला.

गेल्या रविवारी वटारला गेलो. सवयीनं मोबाइल हातात घेतला होता. पण फोन कुणाला करायचा आता? तसाच गेलो, न सांगता, पहिल्यांदा. वहिनी ओट्यावर त्याच जागी, पुढ्यात कळ्या. देवळं उघडी आहेत, हार लागतात. वटारचा मोगरा कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, “वहिनी, खोलीत जरा बसू का?” त्या म्हणाल्या, “बसा की, भाऊजी. तिथं कुनी काही हलवलेलं नाय.”

गोणपाट वाळून कडक झाले होते. गोधड्यांवर त्याचा टॉवेल. मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि समोर बघितलं. माइकवरचं कंपनीचं चिन्ह माझ्याकडे बघत होतं. सरळ, डोळ्यांत. मी उठून मागून बघितलं, पुन्हा बसलो. स्टँडच्या नळीवर, पकड बसते तिथं, गोल गोल घासून रंग उडाला होता, विहिरीच्या रहाटाला दोर घासतो तसा. खाली माझा वड्यांचा डबा, धुऊन पुसून ठेवलेला.

मला तिथं बसवेना. बाहेर येऊन मी वहिनींच्या समोर फरशीवर बसलो आणि एका दमात सगळं ओकलो. पहिल्या दिवशी मीच माइक उलटा फिरवला, मुद्दाम फिरवला, जळून फिरवला, पेटीची गोष्ट खोटी, अळूवडीसुद्धा खाल्ली, आणि त्या दिवशी सांगायला आलो होतो पण सांगितलं नाही. आणि मग विचारलं, “आता तो सरळ आहे, वहिनी. कुणी फिरवला?”

वहिनींनी दोऱ्याला गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला.

“पयल्याच महिन्यात कळलं होतं त्यांना, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येनार असलात की उलटा करून ठेवायचे.”